जैबुनबीचे खुंटे

सावरडोह गावानं आजवर एकही लेकरू वाऱ्यावर सोडलेलं नाही. ही गोष्ट आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. सोडायचा प्रश्नच नव्हता. आम्ही ती बांधून ठेवत होतो.

बांधायची जागा म्हणजे जैबुनबीचं अंगण. तिचा नवरा बशीर बकऱ्यांचा धंदा करायचा. इथून तिथून शेळ्या-बोकड गोळा करायचा आणि दिग्रसच्या बाजारात न्यायचा. बशीर गेला, त्याच्या दवाखान्यापायी बकऱ्याही गेल्या. मागं राहिले ते अंगणात ठोकलेले बाभळीचे अकरा खुंटे. पुढं एका वेचणीच्या हंगामात शेजारणीनं आपलं रांगतं पोरगं तिच्या ओसरीवर टाकलं आणि ती वावरात निघून गेली. पोरगं सारखं चुलीकडं धावायला लागलं. जैबुनबीनं त्याच्या आईच्याच जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, एक टोक पोराच्या कमरेला बांधलं, दुसरं खुंट्याला, आणि भाकरी थापायला बसली. पोरगं घटकाभर रडलं. मग पट्टीत तोंड खुपसून आईच्या वासावर झोपी गेलं. अशा रीतीनं गावात बालसंगोपनाला सुरुवात झाली.

कोणतीही चांगली गोष्ट वाढली की तिला नियम येतात, तसे याही गोष्टीला आले. जागा अकरा, कारण खुंटे अकरा. बारावा ठोकायला जैबुनबी तयार नसे. "पट्ट्या एकमेकीत गुततात. बशीरनं हिसाबानं ठोकले थे," म्हणायची. खुंटा मोकळा व्हायचा एकच मार्ग होता. जैबुनबीची गाठ बकरीची गाठ होती. ओढली की आवळायची. सोडायची तर आधी ती उलटी ढकलावी लागते. एवढी अक्कल ज्या दिवशी लेकराला येई, त्या दिवशी ते पास. गाठ सोडून उभं राहिलेलं पोरगं बखोटीला धरून ती अंगणवाडीत नेऊन सोडायची आणि म्हणायची, "घ्या बाई, हे समजदार झालं." बहुतेक पोरं तिसरं लागेस्तोवर पास होत. काही ढ निघत. एक तर चार वर्षांचा होईपर्यंत बांधलेला होता. तो सध्या पोलीस भरतीचा अभ्यास करतो.

फी म्हणजे एक पसा कापूस. वेचणीवरून परतताना प्रत्येक आई दोन तळहात जोडून मावेल तेवढा कापूस जैबुनबीच्या ओसरीच्या कोपऱ्यात टाकायची आणि आपलं लेकरू सोडून घ्यायची. हा कापूस आईकडं कुठून यायचा हे कोणी विचारत नव्हतं. मापाआधी तो ओटीत सरकलेला असायचा. ज्याच्या वावरात वेचणी, त्याचा कापूस. वावरवाले डोळे मिटून घेत. लेकरू बांधलं नाही तर बाई येणार नाही, आणि बाई आली नाही तर पऱ्हाटीवरचा कापूस वारा वेचणार.

यंदा दसऱ्याच्या आगेमागे अकरावा खुंटा मोकळा झाला आणि तो तांड्यावरच्या तानाबाईला मिळाला. तिचा नवरा देवसिंग ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेला होता. दरसाल दोघंही जायचे. पोरगी उसाच्या फडातच जन्मली आणि तिथल्या थंडीत मरता मरता वाचली. म्हणून यंदा तानाबाई मागं राहिली. पोरीचं नाव खुशी, वय दीड वर्ष. तानाबाईला सासू नव्हती, नणंद नव्हती, मोठी लेक नव्हती. खुंटा होता.

पहिल्या दिवशी जैबुनबीनं पोरीची बोटं हातात धरून पाहिली.

"तानाबाई, हे पोरगी लवकर पास होईन."

"कायले वो मावशी, अशी बोलू नको. पुरा हंगाम बाकी हाये माहा."

"मी काय करू. बोटं पाह्य तिची. एकेक बोट सुटं चालते. हे कापूस वेचनारीचे बोटं हायेत."

तानाबाईला या कौतुकानं आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती बसली. रोज संध्याकाळी ती गाठ चाचपून पाहायची. शाबूत असली की तिला हायसं वाटायचं. आपली पोर मठ्ठ निघावी असा नवस तिनं सेवालाल महाराजांना बोलल्याचं तांड्यावरच्या बाया सांगतात.

एवढ्यावर सारं नीट चाललं असतं. पण दिवाळीच्या आधी रामराव जैबुनबीच्या ओसरीवर टेकले.

रामराव आमचे सरपंच नव्हेत. सरपंच त्यांच्या सौभाग्यवती, इंदुताई. ग्रामपंचायतीच्या पाटीवर नाव त्यांचं असतं आणि खुर्चीत रामराव असतात. गावातली सगळ्यात मोठी पऱ्हाटी त्यांचीच. ते आले होते एक कोंबडं विकत घ्यायला. नजर गेली कोपऱ्यातल्या कापसाच्या ढिगावर.

"चाची, हा कापूस कोनाचा?"

"पसाचा."

"थे मालूम हाये मले. कोन्या वावरातला?"

"आता त्याच्यावर का नाव लिवलं राह्यते, रामराव?"

"तुह्यापाशी वावर नाई, धुरा नाई, पऱ्हाटीचं एक झाड नाई. अन् ढीग पाहा त माह्यावानी."

"माह्या अंगनात लेकरं पिकते. त्याईले कापूस लागते."

"मजाक नोको करू. हे चोरी हाये."

जैबुनबी कोंबड्याचे पाय बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"चोरी त चोरी. उद्या सकाऊन खुंटे उपटून टाकतो मी. मंग तू बायाईले आन वावरात. अकराच्या अकरा लेकरं तुह्या ओसरीत बसव. इंदुताई हायेच रिकामी."

रामराव कोंबडं न घेताच उठले. म्हातारीचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्या बोलण्याचा माणसाला फार राग येतो. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. वर्षानुवर्षं आपल्या वावरातून पसापसानं किती गाड्या कापूस गेला असेल, याचा ते अंदाज बांधत राहिले. सकाळी उठले ते समाजसेवेचा विचार घेऊनच.

योगायोग असा की त्याच साली सरकारलाही लेकरांची आठवण झाली होती. कामकरी आयांच्या लहान मुलांसाठी गावोगावी अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढायची, असं वरून आलं होतं. तालुक्याला ठरल्या आकड्याइतकी गावं दाखवायची होती, आणि पर्यवेक्षिका प्रेरणा मॅडम स्कूटीवरून ती गावं शोधत फिरत होत्या. रामराव त्यांना ऑफिसात भेटून आले. परतले ते थेट जैबुनबीच्या अंगणात. संध्याकाळची वेळ, बाया लेकरं सोडवायला जमलेल्या. संगतीला इंदुताई होत्या. त्यांनी चांगली साडी नेसली होती, त्यावरून काहीतरी सरकारी आहे हे बायांनी ओळखलं.

"बायाहो, गावात सरकारी पाळणाघर येऊन राह्यलं," रामराव म्हणाले. "पंचवीस लेकराईची जागा. पाळने, गाद्या, खेळने, दूध, अंडं. बंदं फुकट. पसा द्याची गरज नाई."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. अकराच्या जागी पंचवीस म्हणजे लहान गोष्ट नव्हती. कित्येकींची पोरं खुंट्याची वाट पाहत होती.

"पन एक अडचन हाये. मॅडमनं पुसलं, तुमच्या गावात लेकरं सांभाळाची सोय हाये का. म्या म्हटलं, कायची सोय. त मॅडम म्हने, म्या त आयकलं का तिथं एक म्हातारी सांभाळते. सोय असन त पाळनाघर मंजूर होत नाई. जिथं काहीच नाई, तिथंच देते सरकार."

"मंग?" कोणीतरी म्हणालं.

"मंग काय. मॅडम याच्या आंधी हे खुंटे इथं दिसाले नाई पाह्यजे."

तानाबाई खुशीला कडेवर घेऊन मागं उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, आंधी तिकडचं कुलूप उघडा. मंग इकडचा खुंटा उपटा."

"तसं बसत नाई नियमात. भरल्या पोटाच्या मानसाले कोनी जेवाले बोलावते का? आंधी भूक दाखवा लागते."

"भूक दाखवता दाखवता लेकरू मरून गेलं त?"

"असं अभद्र बोलू नये वं तिन्हीसांजेची," इंदुताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या, आणि ते बरोबर होतं.

आता सगळ्यांच्या नजरा जैबुनबीवर. रामराव तिच्याजवळ खाली बसले. आवाजात एकदम साय आली.

"चाची, तुह्याबिगर हे कोन करन? पाळनाघरात एक बाई लागते लेकरं पाहाले. म्या तुहं नाव सांगतलं. सरकारी मानधन. वर्साले साडी."

"साडी घेऊन मी का करू या वयात," जैबुनबी म्हणाली. मग विचारलं, "बसाले कुर्सी देतीन का?"

"कुर्सी? अवं, फिरती कुर्सी देतीन."

"फिरती नोको. साधी. गुडघे मुडत नाई आता. मातीवर बसली का उठता येत नाई."

"दोन देतीन."

कोल्ह्याला काकडी दिसली की तो राजी होतो असं म्हणतात. म्हातारीला खुर्ची दिसली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं स्वतः सब्बल घेतली आणि खुंटे उपटले. काही निघता निघत नव्हते. त्यांच्या बुडाशी माती अशी धरली होती, जशी दाढेला हिरडी धरते. तिनं ते धुऊन, मोळी बांधून आत ठेवले. चुलीत घाल म्हणणाऱ्या शेजारणीला म्हणाली, "राहू दे. बशीरच्या हातचे हायेत."

प्रेरणा मॅडम आज येणार, उद्या येणार करत आठवड्यानं आल्या. तेवढे दिवस बायांनी लेकरं वावरात नेली. रामरावांनी मॅडमला सरळ वावरातच नेलं. पऱ्हाटीच्या ओळीत खुशी बसली होती. नाकाचा शेंबूड गालभर, हातात हिरवं बोंड, अर्धं खाल्लेलं. मॅडमनं तिचा फोटो काढला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आम्ही पाहिलं आहे. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांचीही दोन लेकरं होती, आणि ती त्यांच्या आईकडं पुसदला होती.

फोटो फार चांगला आला. त्या फोटोच्या जोरावर सावरडोह मंजूर झालं, पंचवीस जागांसह. तालुक्यात दुसरा कोणताही फोटो एवढा केविलवाणा नव्हता म्हणतात.

मंजुरीपाठोपाठ कामं आली. पाळणाघराकडं जाणारा रस्ता हवा म्हणून जैबुनबीच्या दारावरून सिमेंटचे गट्टू बसले. ते बसवताना तिचं अंगणही त्यात आलं. चिखल गेला, अंगण कसं लखलखीत झालं. ठेकेदार रामरावांचा साळा होता, त्यामुळं काम पक्कं झालं. खिळासुद्धा आत शिरणार नाही असं.

उद्घाटनाला अंगणवाडीची मागची खोली सजली. त्या खोलीत एक लहानशी गैरसोय होती. रामरावांचा पहिल्या वेचणीचा कापूस तिथं छपरापर्यंत भरलेला होता. दिवाळीत भाव पडलेला होता म्हणून त्यांनी तो ठेवला होता, आणि सरपंचाच्या अंगणवाडीपेक्षा कोरडी जागा गावात दुसरी नव्हती. मग कापसापुढं मांडवाचा कापडी पडदा लावला. पुढं जेवढी जागा उरली तेवढ्यात एक पाळणा टांगला. पडदा मागून फुगलेला होता, पण त्यावर फुगे लावल्यामुळं ते शोभून दिसलं.

जैबुनबीनं इस्त्रीची साडी नेसली होती. ती सकाळीच येऊन खुर्चीवर बसली. पाहुणे आले तेव्हा रामराव म्हणाले, "चाची, जरा उठजो." ती उठली, आणि कार्यक्रमभर दाराला टेकून उभी राहिली.

लेकरं सतरंजीवर आणून बसवली. कोणालाही बांधलेलं नव्हतं. तरी पोरं उठायची, चार पावलं चालायची आणि थबकायची. मग वळून गोल गोल फिरायची. सतरंजीच्या पुढं एकही गेलं नाही. जैबुनबीची पट्टी तेवढ्याच लांबीची होती. मॅडम भाषणात म्हणाल्या, "किती शिस्तीची मुलं आहेत या गावची." आम्ही टाळ्या वाजवल्या.

खुशीला नवा फ्रॉक घालून पाळण्यात बसवलं, कारण जुन्या फोटोशेजारी नवा फोटो लागणार होता. ती खुदकन हसली. तेवढ्यात फोटो निघाला. शेवटी मॅडमनी गंभीरपणे सांगितलं, की मूल बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, यापुढं असं कोणी करताना दिसलं तर कारवाई होईल. त्यांना खुंट्यांची गोष्ट कोणीतरी सांगितलीच होती. त्या बोलत असताना कोणी जैबुनबीकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडं पाहिलं, म्हणून ते मॅडमच्याही लक्षात आलं.

कार्यक्रमानंतर जैबुनबी मॅडमजवळ गेली.

"बाई, मी कवा पासून येऊ?"

"आजी, शिक्षण किती तुमचं?"

"कायचं?"

"दहावी पास लागतं हो. आणि वयाचीही अट आहे."

"म्या इतके लेकरं पास केले, बाई," जैबुनबी म्हणाली. मॅडमना ते समजलं नाही. त्यांना पुढच्या गावाला पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तानाबाई खुशीला घेऊन पाळणाघराच्या दारात उभी राहिली. दाराला कुलूप. वर नवा कोरा फ्लेक्स. त्यावर डावीकडं बोंड खाणारी खुशी, उजवीकडं पाळण्यात हसणारी खुशी, आणि मधोमध दोघींपेक्षा मोठे हात जोडलेले रामराव. तानाबाई तशीच रामरावांच्या घरी गेली. ते दात घासत होते.

"भाऊ, कुलूप हाये."

"राहीनच. कापूस हाये आतमंधी."

"मंग लेकरं?"

"कापूस इकला का खोली मोकळी. बाई बी नेमाची हाये अजून. जाहिरात निघन, अर्ज येतीन."

"कापूस कवा इकसान?"

"भाव आला का."

"भाव कवा येते?"

रामरावांनी चूळ भरली. "थे मले मालूम असतं, त मी इथं दात घासत बसलो असतो का?"

"मंग मी जैबुनमावशीपाशी ठेवतो पोरीले."

"ठेव ना. कोन नाई म्हनते. खुंटा कुठी ठोकशीन?"

जैबुनबीनं तरी दोन दिवस खुशीला घरात बाजेच्या खुराला बांधून पाहिलं. आमच्या गावात भिंतींना कान नसतात, दारं उघडीच असतात. तिसऱ्या दिवशी रामरावांचा निरोप आला, की मॅडमचा फोन आला तर मी काही लपवू शकणार नाही. तो निरोप पसा बंद करण्यासाठी होता हे जैबुनबीला कळत होतं. तानाबाईला कळत होतं. पण ज्याला केस लावायची असते त्याला कारण विचारून उपयोग नसतो.

"दुसऱ्या कोनाचं असतं त म्या घेतलं असतं आंगावर," जैबुनबी म्हणाली. "आमच्या नावावर केस लवकर लागते, बाई. अन् निघाले लय येळ लागते."

"न बांधता ठेव ना मावशी."

"माह्यानं धावनं होते का? कालच रोडवर गेलती, ट्रॅक्टरच्या पुढं. गट्टूवर भल्ली पळते."

बाकीच्या बायांनी आपापली सोय लावली. कोणी आठवीतल्या पोरीला शाळेतून काढून घरी बसवली. कोणी आंधळ्या सासऱ्याच्या मांडीवर लेकरू दिलं. तानाबाईजवळ यातलं काहीच नव्हतं. वेचणी सोडावी तर चूल बंद. तेव्हा तिनं म्हातारीला एक मागणं घातलं. "कमरेची गाठ तेवढी तू बांधून देत जाय, सकाऊन घरातल्या घरात. तुही गाठ तिच्यानं सुटत नाई. दुसरं टोक मी पाहीन."

तसं ठरलं. रोज पहाटे तानाबाई यायची, जैबुनबी अंधारातच खुशीच्या कमरेला पट्टी बांधायची. वावरात पोचलं की तानाबाई दुसरं टोक वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या पळसाला बांधायची. पट्टी तिनं मुद्दाम आपल्या रोजच्या लुगड्याची घेतली होती.

पौषातली गोष्ट. रामरावांच्याच वावरात तिसरी वेचणी चालली होती. थंडी अशी, की दहा वाजले तरी बोंडांवरचं दहिवर गेलं नव्हतं. बोटं कापत होती. तानाबाई ओळीच्या टोकाला आली की मान वळवून पळसाकडं पाहायची. खुशी तिथं मातीत ढेकळं फोडत बसलेली असायची. आई दिसली की "याडी" म्हणून हात हलवायची.

"तानाबाई, मान मोडीन वं तुही," शेजारच्या ओळीतून एक बाई म्हणाली. ती गावातलीच वेचणारी, तोंडानं फटकळ. "पोरगी का पळसासंग पळून जाते?"

"पळस कुठी जाईन. पोरीचा भरोसा नाई."

"माह्या पोट्ट्याले जैबुनबीनं तीन वर्स बांधला. आता मोकळा हाये त घरातून हालत नाई. बांधलेलं बरं असते पाह्य. नवऱ्याले बी बांधाव."

"त्याईले कोन बांधन. थे आपलेच गाठी सोडवत राह्यतेत."

बाया हसल्या. ओळ लांब होती. हसता हसता वेचत त्या दुसऱ्या टोकाला गेल्या, तिथून नवी ओळ धरून परत निघाल्या. निम्म्यात आल्यावर तानाबाईनं सवयीनं मान वर केली. पळस होता.

पळसाच्या पलीकडं रामरावांचं शेततळं. सरकारी अनुदानाचं, नवंकोरं, तळाला आणि चारी बाजूंना काळं प्लास्टिक अंथरलेलं. कुंपण पुढच्या टप्प्यात मंजूर होणार होतं. ते प्लास्टिक असं गुळगुळीत असतं, की त्यावरून घसरलेलं मोठं कुत्रंही वर येत नाही.

बायांनी पदराला पदर बांधून त्या फटकळ बाईला खाली उतरवलं. तिनं पोरीला वर दिलं. तानाबाई रडली नाही. तिनं पोरीचा फ्रॉक पिळला, तोंड पुसलं, आणि खाली बसून तिला मांडीवर उताणं घेतलं, जसं दूध पाजायला घेतात.

खुशीच्या कमरेची गाठ जशीच्या तशी होती. पट्टीचं दुसरं टोक मोकळं होतं.

रामराव मोटरसायकलवरून आले. त्यांनी आधी तळं पाहिलं, मग पळस पाहिला, मग पट्टी पाहिली.

"बांधली कायले होती?" ते म्हणाले. "मॅडमनं सांगतलं होतं ना, गुन्हा हाये म्हनून."

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "अन् बांधाचीच होती, त सैल कायले बांधली?"

संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष पडले. गाठ सुटली, की पोरीनं सोडली. सुटली म्हणणाऱ्यांचं बोट तानाबाईकडं जात होतं, कारण पळसाकडची गाठ तिची होती. पोलीस पंचनामा करून गेले. देवसिंगला फोन लागला. तो म्हणाला, मुकादम सोडत नाही, तुम्ही करून घ्या. तानाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि हातातल्या पदराच्या टोकाला सारखी गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती.

जैबुनबी गुडघे धरत धरत तांड्यावर आली. ती खाली बसत नसे, पण त्या दिवशी बसली. पट्टीचं मोकळं टोक तिनं दिव्यापाशी धरून पाहिलं, बोटांनी चाचपलं.

"सुटलेली गाठ मले समजते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सुटते तवा टोक चुरगळत नाई. हे चुरगळलं हाये. बोट घालून घालून काढलं पोरीनं. तुही गाठ पक्की होती, बाई. पोरगी हुशार होती."

तानाबाईनं मान वर केली. "पास झाली का, मावशी?"

"झाली."

मग तानाबाई रडली.

म्हातारीचं बोलणं खरं होतं, का तिनंच तिथं बसल्या बसल्या टोक चुरगळलं, हे सांगता येत नाही. दिवा लहान होता.

पुढं काय व्हायचं ते रीतसर झालं. प्रेरणा मॅडम येऊन गेल्या, दारावरच्या फ्लेक्सपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या अहवालावरून सावरडोहची गरज वरच्यांना आणखीच पटली, आणि जागा पंचविसाच्या चाळीस झाल्या. रामरावांचा दिग्रसला सत्कार झाला. जैबुनबीनं खुंट्यांची मोळी थंडीत चुलीला लावली. बाभूळ चांगली जळते. तानाबाई लोकांच्या ट्रॅक्टरवर बसून नवऱ्यामागं ऊसतोडीला गेली. आता तिला अडचण नव्हती.

होळीच्या आधी रामरावांनी खोली रिकामी केली. निघायच्या दिवशी आभाळ भरून आलं, आणि कापसाच्या गाडीवर झाकायला ताडपत्री सापडेना. मग दारावरचा फ्लेक्स काढला. तो जाड होता, बरोबर बसला. गाडी दिग्रसच्या जिनिंगला लागेपर्यंत खुशी दोन्ही बाजूंनी भिजत गेली. आतला कापूस कोरडा राहिला.

भाव दिवाळीत होता तोच लागला.